झीज वाटून घेणारी चाके : दंतचक्रांच्या आयुर्मानाचा एक इतिहास

यंत्रांचा इतिहास बहुधा शक्तीचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. बैल, पाणी, वारा, वाफ, वीज असा त्याचा क्रम ठरून गेलेला असतो आणि प्रत्येक नव्या शक्तीच्या आगमनाबरोबर एक नवे प्रकरण सुरू होते. ही शक्ती उगमापासून कामापर्यंत ज्या दातेरी चाकांमधून जाते, त्यांचा उल्लेख मात्र ओझरताच होतो. वस्तुतः शक्ती कितीही मोठी असली तरी चाकाचा एक दात दुसऱ्याला जितका काळ ढकलू शकेल तितकेच त्या यंत्राचे आयुष्य. हे आयुष्य वाढवण्यासाठी वेगवेगळ्या काळांतील कारागिरांनी आणि अभियंत्यांनी काय केले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे. या शोधात एक गोष्ट वारंवार समोर येते. दात अधिकाधिक बळकट करण्याचे प्रयत्न तर झालेच. परंतु निर्णायक ठरले ते भार, झीज आणि दोष हे अनेक दातांत वाटून देण्याचे उपाय.

आरंभ आपल्याकडच्या विहिरीपासून करणे सोयीचे आहे. मराठीत ‘संसाराचे रहाटगाडगे’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की त्यामागचे यंत्र आज क्वचितच कोणाच्या डोळ्यांपुढे येत असेल. या शब्दाने चाक जपले, गाडगी जपली. दातांना मात्र त्यात जागा मिळाली नाही. ‘रहाट’चे मूळ संस्कृत ‘अरघट्ट’ या शब्दात आहे. पंचतंत्रातील गंगदत्त नावाचा बेडूक भाऊबंदांना कंटाळून विहिरीबाहेर पडतो तो याच अरघट्टाच्या आधाराने. म्हणजे घटमालिका जुनी आहे. परंतु अरघट्ट म्हणजे दातेरी चाके असलेला रहाट असे समीकरण मांडता येत नाही. इरफान हबीब यांनी १९६९ साली इंडियन हिस्टरी काँग्रेसपुढे केलेल्या भाषणात हा भेद स्पष्टपणे मांडला. घटमालिका पूर्वीपासून होती. दंतचक्रांची जोडणी ही तेराव्या-चौदाव्या शतकांच्या सुमाराची भर आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते सर्वांना मान्य झाले नाही आणि त्यावरील वाद पुष्कळ काळ चालला. भाषेच्या अभ्यासकाला त्यातून मिळणारा धडा वेगळाच आहे. यंत्र आतून बदलले तरी त्याचे नाव शतकानुशतके तेच राहू शकते, म्हणून केवळ शब्दाच्या पुराव्यावर यंत्राचा काळ ठरवणे धोक्याचे असते.

दंतचक्रयुक्त रहाटाचे निःसंदिग्ध वर्णन बाबराच्या आत्मचरित्रात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात, मिळते. लाहोर, दीपालपूर, सरहिंद या भागांत विहिरीच्या खोलीइतक्या दोराच्या माळेला मडकी बांधतात. ती माळ विहिरीवरच्या चाकावरून फिरते. त्या चाकाच्या आसाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक असते आणि त्याच्याशेजारी उभ्या आसावरचे तिसरे. बैल हे तिसरे चाक फिरवतो, त्याचे दात दुसऱ्याच्या दातांत अडकतात आणि मडक्यांची माळ चालू लागते, असे बाबर सांगतो. परक्या मुलखातून आलेल्या राजाने सिंचनाचे यंत्र इतक्या बारकाईने पाहावे, याचे आजही कौतुक वाटते. आग्र्याकडे चालणाऱ्या चामड्याच्या मोटेबद्दल त्याचे मत फारसे चांगले नव्हते. महाराष्ट्राच्या देशावर मोटच नांदली. कोकणात वसई-अलिबागकडच्या बागायतीत मात्र रहाट फिरत राहिले.

या रहाटाचे दात म्हणजे लाकडी चाकात ठोकलेल्या खुंट्या. आजच्या अभियंत्याच्या दृष्टीने ती रचना ओबडधोबड ठरेल. खुंटी खुंटीला घासत जाते, वेग एकसारखा राहत नाही, प्रत्येक दात लागताना हिसका बसतो. तरीही ही यंत्रे पिढ्यान् पिढ्या चालली. पहिले कारण असे की बैलाची चाल मंद असते आणि त्याच्या एका फेरीत त्याच्या चाकावरील प्रत्येक खुंटीवर एकदाच भार येतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. झिजलेली किंवा मोडलेली खुंटी काढून नवी ठोकता येत असे, आणि ती ठोकणारा सुतार गावातच राहत असे. पंजाबातील तरखान हे काम पिकाच्या वाट्यावर करीत. आपल्याकडच्या बलुत्याशी या व्यवस्थेचे नाते उघड आहे. चाकाचे दीर्घायुष्य येथे लाकडाच्या गुणाइतकेच ग्रामव्यवस्थेवरही उभे होते. दात मर्त्य, चाक चिरंजीव, असा हा करार होता. या सुतारांपैकी कोणाचेही नाव इतिहासाला ठाऊक नाही. यापुढे ज्यांची नावे येणार आहेत त्यांच्या शेजारी ही रिकामी जागा लक्षात ठेवणे न्याय्य होईल.

युरोपातील पाणचक्क्या आणि पवनचक्क्या यांतही लाकडी दातच होते. इंग्लंडमध्ये त्यांसाठी हॉर्नबीम आणि सफरचंदाच्या झाडाचे लाकूड पसंत केले जाई. तेथील गिरणी-कारागिरांनी, म्हणजे मिलराइटांनी, आयुष्य वाढवण्याची एक युक्ती काढली होती आणि ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. समजा, मोठ्या चाकाला ६० दात आहेत आणि लहान चाकाला, ज्याला पिनियन म्हणतात, २० दात आहेत. पिनियनचा कोणताही एक दात मग मोठ्या चाकाच्या त्याच तीन दातांना जन्मभर भेटत राहील. त्याच्यात एखादी खोट असेल तर ती त्या तिघांनाच खात जाईल. कारागीर काय करी, तर मोठ्या चाकाला एक दात वाढवून देई. ६१ आणि २० या संख्यांना एकाशिवाय सामाईक विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्रमाक्रमाने मोठ्या चाकाच्या सर्व ६१ दातांना भेटतो, आणि एक विशिष्ट जोडी पुन्हा जुळते ती पिनियनच्या ६१ फेऱ्यांनंतर. या जादा दाताला इंग्रज कारागीर शिकारी दात म्हणत. बिचारा कोणाची शिकार करीत नाही. सर्वांच्या मागे फिरत राहतो, एवढेच. त्याच्यामुळे एका दाताची खोट सगळ्या चाकात इतकी विरळ पसरते की ती कोणालाच जाचत नाही.

ही युक्ती सर्वमान्य होती असे मात्र नाही. केंब्रिजचे प्राध्यापक रॉबर्ट विलिस यांनी १८४१ साली यंत्रतत्त्वांवर जो ग्रंथ लिहिला त्यात त्यांनी नोंदवले आहे की घड्याळकार याच्या उलट मताचे होते. तेच ते दात वारंवार भेटत राहिले तर एकमेकांना घासून ते एकमेकांच्या आकाराचे होतील, असा त्यांचा विश्वास होता. दोन्ही मतांत तथ्य आहे. हलक्या भाराच्या, सावकाश चालणाऱ्या घड्याळात सवयीने जुळवून घेणे परवडते. गिरणीत परवडत नाही. विलिस हे गृहस्थ मोठे विलक्षण होते. इंग्लंडमधील कॅथेड्रलांच्या वास्तुइतिहासाचे ते अधिकारी अभ्यासक होते आणि तरुणपणी त्यांनी स्वरांच्या उच्चारणावर, वाद्यनळीच्या साहाय्याने प्रयोग करून, शोधनिबंध लिहिला होता. दंतचक्र, देऊळ आणि स्वर हे तिन्ही एकाच माणसाच्या आस्थेचे विषय असू शकत, असा तो काळ होता. आजच्या विद्यापीठीय विभागरचनेत त्यांना कोठे बसवावे, हा प्रश्नच पडेल.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन स्मीटन यांनी गिरण्यांच्या यंत्रणेत ओतीव लोखंड आणले. १७८६ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या आल्बियन गिरणीत जॉन रेनी यांनी ते अधिक व्यापक प्रमाणावर वापरले. लोखंड आल्यावर लाकूड तात्काळ गेले, असे समजण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात पुष्कळ ठिकाणी संकरित रचना दिसते. मोठे चाक लोखंडाचे, परंतु त्याच्या कडेला खाचा ठेवून त्यांत लाकडी दात बसवलेले. त्याच्याशी जुळणारे लहान चाक संपूर्ण लोखंडी. ही जोडी कमी आवाज करी. शिवाय काही अडकून हिसका बसला तर मोडे तो लाकडी दात, ज्याची किंमत थोडी आणि बदली सोपी. कोणी झिजावे आणि कोणी टिकावे, हे रचनाकाराने आधीच ठरवून ठेवलेले असे. जुन्या वळणाचा हट्ट म्हणून या रचनेकडे पाहणाऱ्या इतिहासकारांशी सहमत होणे कठीण आहे. तिच्यामागे स्पष्ट हिशेब होता.

दरम्यान गणितज्ञ वेगळ्या वाटेने याच प्रश्नाकडे येत होते. दाताच्या कडेची वक्ररेषा कोणती असावी म्हणजे फिरताना दोन्ही चाकांच्या वेगाचे गुणोत्तर क्षणोक्षणी एकच राहील, हा त्यांचा प्रश्न होता. फिलिप द ला हिर यांनी १६९४ साली एपिसायक्लॉइड नावाच्या वक्राचा पुरस्कार केला. हा वक्र म्हणजे वर्तुळावरून दुसरे वर्तुळ घरंगळताना त्यावरील एक बिंदू काढत जाईल ती रेषा. अठराव्या शतकाच्या मध्यास लेओनार्ड ऑयलर यांनी इनव्होल्यूट या दुसऱ्या वक्राचा सखोल विचार केला. रिळावरचा दोरा ताणून धरून उलगडत नेला असता त्याच्या टोकाने जी रेषा उमटते ती इनव्होल्यूट. सौंदर्याच्या दृष्टीने दोघांत निवड करणे अवघड आहे. आयुष्याच्या दृष्टीने मात्र इनव्होल्यूट सरस ठरला. कोणत्याही यंत्रात काळाच्या ओघात आसांची बेअरिंगे झिजतात आणि दोन चाकांमधले अंतर किंचित बदलते. एपिसायक्लॉइडवर बेतलेले दात तेवढ्यानेही बिघडतात आणि हिसके देऊ लागतात. इनव्होल्यूट दातांचे वेग-गुणोत्तर अंतर थोडे बदलले तरी ढळत नाही. शेजाऱ्याच्या म्हातारपणाला सांभाळून घेण्याचा गुण त्या वक्राच्या भूमितीतच आहे. इनव्होल्यूट दात सरळ कडेच्या हत्याराने कापता येतात, हा त्याचा व्यावहारिक फायदा पुढे कारखान्यांना उमगला आणि आज बहुतेक सर्व शक्तिवाहक दंतचक्रे त्याच वक्राची असतात.

दात किती भार सोसेल याचे गणित तुलनेने उशिरा आले. १८९२ साली विल्फ्रेड लुइस यांनी फिलाडेल्फियाच्या अभियंत्यांपुढे दाताकडे भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईसारखे पाहण्याची रीत मांडली. टोकाला भार दिला की मुळाशी ताण येतो. त्याआधीच प्रशियात आउगुस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले होते की एकदा दिला असता जो भार पोलाद सहज पेलते, तोच लक्षावधी वेळा दिला असता ते मोडते. या घटनेला मराठीत धातूचा ‘शिणवटा’ म्हणतात. देहाकडून उसना घेतलेला हा शब्द नेमका बसला आहे, कारण या मोडण्यातही आधी बाहेरून काही दिसत नाही.

आता ज्या प्रयोगाकडे वळावयाचे आहे तो सागरावर झाला. चार्ल्स पार्सन्स यांनी १८८४ साली वाफेचे टर्बाइन तयार केले आणि काही वर्षांत त्याने जहाजांच्या जगात प्रवेश मिळवला. अडचण एकच होती. टर्बाइन वेगाने फिरले तरच काटकसरी ठरते. जहाजाचा पंखा सावकाश फिरला तरच कार्यक्षम ठरतो. जलद युद्धनौकांनी ही विसंगती कशीबशी निभावली. संथ मालवाहू जहाजांना ते शक्य नव्हते. उपाय उघड होता, मध्ये दंतचक्रे घालावी. परंतु इतकी शक्ती इतक्या वेगाने वाहून नेणारे दात महिनोन् महिने खुल्या समुद्रात टिकतील, यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता.

पार्सन्स यांनी १९०९ साली ‘व्हेस्पेशियन’ हे १८८७ मध्ये बांधलेले जुने मालवाहू जहाज विकत घेतले. त्यांनी आधी त्याचे जुने इंजिन नीट दुरुस्त करून घेतले, त्याचा कोळशाचा खर्च मोजला, आणि मगच ते काढून १९१० साली दंतचक्रयुक्त टर्बाइने बसवली. तुलना प्रामाणिक व्हावी यासाठी घेतलेली ही काळजी आदर्श म्हणावी लागेल. मोठ्या चाकाचा व्यास सुमारे अडीच मीटर, दात ३९८. दोन्ही बाजूंनी त्याला भिडणाऱ्या पिनियनांचा व्यास जेमतेम पाच इंच, दात २०. दात तिरपे आणि दोन विरुद्ध दिशांचे होते. तिरपेपणामुळे एका वेळी अनेक दात भार वाटून घेत आणि विरुद्ध दिशांमुळे आसावरचा बाजूचा रेटा परस्परांत मिटे.

या आकड्यांवर थोडे थांबणे आवश्यक आहे. पंखा मिनिटाला सुमारे ७० फेरे घेई, म्हणजे पिनियन सुमारे १,४००. पिनियनच्या एकेका दातावर दिवसाकाठी वीस लाख वेळा भार येई. मोठ्या चाकाच्या दातावर, दोन पिनियने धरूनही, सुमारे दोन लाख वेळाच. म्हणून पिनियनसाठी क्रोम-निकेल पोलाद वापरले होते. ज्याच्या वाट्याला दसपट कष्ट, त्याला उत्तम धातू, असा हा विभाग होता. दुसरे असे की ४०० दात ठेवले असते तर गुणोत्तर नेमके वीस आले असते आणि पिनियनचा प्रत्येक दात त्याच वीस दातांवर आयुष्यभर आदळत राहिला असता. ३९८ मुळे तो १९९ दातांना भेटतो. मिलराइटांच्या शिकारी दाताचे हे दूरचे नातलग म्हणावयास हरकत नाही. कोळशात सुमारे १५ टक्के बचत झाली. टाइन नदीवरून रॉटरडॅमला कोळसा नेत जहाजाने हजारो मैल तोडले तरी दातांवर लक्षणीय झीज आढळली नाही.

पुढची अडचण दातांच्या आवाजाने दाखवून दिली. अशा मोठ्या चाकांतून एक विशिष्ट सुरातला घणघणाट निघे. दात कापण्याच्या यंत्राचे फिरते टेबल ज्या मूळ चाकाने चालते त्या चाकाच्याच दातांत सूक्ष्म दोष असतात, आणि ते दोष कापल्या जाणाऱ्या प्रत्येक चाकात ठराविक कोनांवर, दाताच्या संपूर्ण रुंदीभर, एका रांगेत उतरतात, असे निदान झाले. एका रांगेतले दोष एकाच क्षणी भिडतात. त्याचाच सूर ऐकू येतो, आणि तोच आघात दाताच्या शिणवट्यास कारण होतो. निर्दोष मूळ चाक बनवणे हा सरळ उपाय होता, पण तो त्या काळच्या हत्यारांच्या आवाक्याबाहेरचा. पार्सन्स यांनी १९१२ च्या सुमारास वेगळाच मार्ग काढला. कापावयाचे चाक त्यांनी मुख्य टेबलावर बसवलेल्या दुसऱ्या टेबलावर ठेवले, आणि हे वरचे टेबल खालच्यापेक्षा अगदी किंचित अधिक वेगाने फिरेल अशी योजना केली. या सरकण्यामुळे मूळ चाकाचा दोष प्रत्येक फेरीत थोडा पुढे उमटू लागला आणि रांगेत उभे राहण्याऐवजी दोष चाकाभोवती नागमोडी पसरले. दोषांची बेरीज तीच राहिली, त्यांचा एकत्र आघात मात्र संपला. आवाज उल्लेखनीय प्रमाणात उतरला. शिक्षण, वर्ग, देश, काळ या साऱ्यांनी त्या अनाम मिलराइटांपासून दूर असलेल्या या अभियंत्याने त्यांच्याच विचाराचे सूत्र पोलादात पुन्हा मांडले.

त्यानंतरच्या घडामोडी थोडक्यात सांगता येतील. १९३५ साली स्ट्युअर्ट वे यांनी दाखवले की दातांच्या पृष्ठावर पडणाऱ्या खड्ड्यांना तेलाचाही हातभार लागतो. सूक्ष्म भेगेत शिरलेले तेल वरून दाब आला की तिला आतून फाकवते. तेलाविना मात्र झीज आणि उष्णता चाकाचा लवकरच निकाल लावतील. योग्य घट्टपणाचे तेल निवडणे हा तेव्हापासून रचनेचाच भाग झाला. १९३८ साली एच. वॉकर यांनी ‘द एंजिनिअर’ या इंग्लिश साप्ताहिकात दाखवून दिले की भाराखाली दात वाकतो, त्यामुळे मागून येणारा दात वेळेच्या किंचित आधी भिडतो आणि टोकाने खरवडतो. म्हणून दाताच्या टोकाकडचा केसाहूनही पातळ थर आधीच काढून टाकावा. शुद्ध इनव्होल्यूटपासून हेतुतः घेतलेली ही फारकत म्हणजे गणिताने वास्तवाला दिलेली सवलत होय. पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवून वरचा थर कठीण आणि गाभा चिवट ठेवण्याच्या प्रक्रियेने एका दाताच्या आतच कामाची वाटणी केली. पृष्ठ झिजेला तोंड देते, गाभा हिसका पचवतो.

आणि आयुष्याचा हिशेबही बदलला. पाल्मग्रेन यांनी १९२४ मध्ये आणि मायनर यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या नियमानुसार प्रत्येक भार आयुष्याचा काही अंश खर्च करतो आणि या अंशांची बेरीज एक झाली की भाग निकामी होतो. आपल्याकडील संचिताच्या कल्पनेची आठवण व्हावी असा हा नियम आहे. फरक इतकाच की येथे आधी आलेला आणि नंतर आलेला भार यांत भेद मानलेला नाही, आणि प्रत्यक्षात तो भेद असतो, हे अभियंत्यांनाही मान्य आहे. सुताराच्या काळात आयुष्य म्हणजे दुरुस्तीची शक्यता; आता ते रचनेच्या वेळीच कागदावर लिहून दिलेले वचन झाले.

हे वचन अलीकडच्या काळात सर्वांत अवघड ठरले ते पवन-विद्युत यंत्रांत. त्यांच्या गिअरबॉक्सचे अपेक्षित आयुष्य सामान्यतः वीस वर्षे धरले जाते. अनेक ठिकाणी त्या पुष्कळ आधीच बदलाव्या लागल्या. उंच मनोऱ्यावरून ती अवजड पेटी खाली उतरवणे म्हणजे मोठी क्रेन, थांबलेले उत्पादन आणि मोठा खर्च. गावातल्या सुताराने संध्याकाळपर्यंत खुंटी ठोकून देण्याची सोय येथे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय-ऊर्जा प्रयोगशाळेने २००७ साली या प्रश्नावर उत्पादक, वापरकर्ते आणि संशोधक यांचा एक सहयोगी प्रकल्प सुरू केला. ७५० किलोवॉटच्या यंत्रातील गिअरबॉक्स मोजमापाच्या साधनांनी भरून त्यांनी तपासली. तिच्यात मधल्या सूर्यचक्राभोवती तीन ग्रहचक्रे फिरतात आणि तिघांनी भार समान उचलावा अशी कल्पना असते. मोजमापात दिसले की वाऱ्याचे आडवे-उभे झोके आणि ग्रहचक्रांना धरणाऱ्या चौकटीच्या बेअरिंगांतील मोकळी जागा यांमुळे तिघांचा वाटा समान राहत नाही. प्रत्येक फेरीत एकेकावर अधिक ओझे येते. बिघाडाची सुरुवातही पुष्कळदा दातांऐवजी बेअरिंगांत होते, हे अशा अभ्यासांतून पुढे आले. त्यानंतर जी सुधारित गिअरबॉक्स बनवली गेली तिच्यात दाताचा आकार किंवा पोलाद यांपेक्षा बेअरिंगांचा बदल मुख्य होता. सैल दंडगोल बेअरिंगांच्या जागी आधीच किंचित दाबून बसवलेली निमुळत्या रोलरांची बेअरिंगे आली, आणि तिन्ही ग्रहचक्रांच्या वाट्याला येणारा भार पूर्वीपेक्षा बराच सारखा झाला.